आठवा हात

बावीस वर्षं केएमटीत तिकिटं फाडली.
बोटांची ती सवय अजून गेलेली नाही.
आता निळ्या रंगवलेल्या, बिनछताच्या दुमजली बसमध्ये
दर रविवारी साडेतीन ते साडेपाच
मी ऑक्टोपस.
दोन हात माझे.
सहा जुन्या ओढण्यांचे, कापूस कोंबून शिवलेले,
शलाका मॅडमनी सेफ्टी पिनांनी पाठीला टाचलेले.
बसच्या कुशीवर लिहिलंय: समुद्रतळाची चहापार्टी.
समुद्र इथून घाट उतरून तीन-साडेतीन तास.
ते पोरांना सांगायचं नाही, अशी मॅडमची ताकीद.

चौगुल्यांच्या सन्मतीचा सातवा वाढदिवस.
सतरा पोरं, सतरा कपाळांवर पुठ्ठ्याचे मासे,
टेबलांना भोकं पाडून त्यात बसवलेले कप,
काकडीचे सँडविच, शिंपल्याच्या आकाराची नानकटाई,
आणि किटलीत चहा म्हणून
वेलची घातलेलं कोमट दूध.

"ह्याच्या कडा कुणी खाल्ल्या?" अल्फिया मुजावर विचारते.
शार्कनं, मी म्हणते.
ती मान हलवते. पटण्यासारखं आहे.

दिलावरभाई गिअर असा बदलतात,
जसं झोपलेलं लेकरू ह्या कुशीवरून त्या कुशीवर.
बिंदू चौकात तुरुंगाच्या भिंतीला पोरांनी हात हलवले.
आत कोण असतं?
माणसंच. त्यांचीबी चहाची वेळ झाली असंल.
मग एकानं आपली नानकटाई भिंतीकडे भिरकावली,
ती पोचली नाही. पानाच्या गाडीवर पडली.

रंकाळ्यावर वारं सुटलं, चार मासे उडाले.
"हाच समुद्र?"
व्हय. आज हाच.

आणि गंगावेशच्या अलीकडं तो गतिरोधक,
नवा, कुणी न रंगवलेला.
किटली आडवी.
दूध जिन्यावरून पायरी-पायरीनं उतरत गेलं,
घाई नसलेल्या बाईसारखं.
सतरा पोरं गप्प. वाढदिवसवाल्याचा ओठ थरथरतोय.
मॅडम फोनवर कुणालातरी झापतायत.
आणि खाली, कट्ट्यावर, संध्याकाळच्या म्हशी.
बादलीत धार वाजतेय. चर्र, चर्र.

बस हलेना, पुढं रेडकू आडवं.
मी पाठीमागं हात घातला, दोन पिना सोडल्या,
हाताला हात बांधला, टोकाला किटली,
आणि कठड्यावरून खाली सोडली.
"ओ खंडेराव, भरा की!"
त्यांनी वर बघितलं.
बावीस वर्षं रोज बघितलेली कंडक्टर बाई
आज जांभळी, आणि हात मोजायच्या पलीकडं.
काही विचारलं नाही त्यांनी. कोल्हापूर आहे.
धार सरळ किटलीत धरली.

वर ओढताना सतरा जणांनी ओढलं.
कापूस कचकचला, गाठ तटतटली,
फेसासकट किटली वर आली,
आणि टोकाचा हात सुटून खाली गेला.
दिलावरभाईंनी तेवढ्यात बस काढली होती.

गरम दूध. म्हशीच्या अंगाइतकंच गरम.
सतरा पांढऱ्या मिशा.
अल्फिया म्हणाली, चहा असा असतो होय.

सन्मतीनं मात्र मला मोजलं. दोनदा.
"सात."
एक पडला रे.
"ऑक्टोपसचा हात तुटला तर परत येतो. माझ्या पुस्तकात आहे."
किती दिवसांत?
तो बराच वेळ गप्प.
"ते पान फाटलंय."

पुढच्या रविवारी दुसरी पार्टी, दुसरी पोरं.
गंगावेशला बस थांबली, तर
खंडेरावांच्या थोरल्या म्हशीच्या शिंगांवर
जांभळा हात, दोन वेढे घालून, गाठ मारलेला.
ती शांत रवंथ करतेय.
"तिला कुणी धरलंय?" एका पोरीनं विचारलं.
मी खाली वाकून बघितलं.
मागून घ्यायचा होता खरं तर,
मॅडमनी अजून मोजलेलं नाही.

राहू दे. सातांवर भागतंय.